ऑफिसच्या आतल्या नेटवर्कला डोमेन नाव काय द्यावं? .लोकल, .इंटर्नल की स्वतःचंच?

शिरोलीकर
नमस्कार मंडळी. शनिवारपर्यंत उत्तर पाहिजे म्हणून धागा काढतोय.

शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मी परचेस बघतो. "तुला कॉम्प्युटरमधलं कळतंय" एवढ्या भांडवलावर वायरीतून जाणारं सगळं माझ्या गळ्यात पडलंय. आजवर कारभार आयपीच्या आकड्यांवर चालला. टॅलीचा सर्व्हर एक आकडा, ड्रॉइंगच्या फाइली ठेवायचं एनएएस (नेटवर्कवरचा स्टोरेजचा डबा) दुसरा, लॅबमधल्या स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक तपासायच्या मशीनचा) पीसी तिसरा. डिस्पॅचच्या टेबलामागं भिंतीला कागद चिकटवलाय, त्यावर लाल पेननं खाडाखोड.

आता नवीन सर्व्हर येतोय. त्यावर विंडोजची ॲक्टिव्ह डिरेक्टरी (एडी, म्हणजे सगळे पीसी आणि लॉगिन एका जागेवरनं सांभाळायची सोय) टाकायची आहे आणि गोकुळ शिरगावचं दुसरं युनिट व्हीपीएननं, म्हणजे इंटरनेटवरनं जाणाऱ्या खाजगी वाटेनं, जोडायचं आहे. व्हेंडर म्हणतो, "आतलं डोमेन काय टाकू? मी सगळीकडं कंपनीचं नाव आणि पुढं .लोकल टाकतो." पुण्यातला चुलतभाऊ म्हणतो, .लोकल टाकलंस तर परत मला फोन करायचा नाही.

कंपनीची वेबसाईट आहे, समजा अमुक.इन. आतल्या नेटवर्कला काय नाव द्यावं? आणि चुकलं तर नंतर बदलता येतं का?

गुजरी_कॉर्नर
मालकाच्या लेकीचं नाव द्या. इन्क्रिमेंट पक्कं.

रंकाळ्याचा_वारा
चुलतभावाचं ऐका. .लोकल हे मोकळं नाव नाही. मल्टिकास्ट डीएनएस नावाची एक पद्धत आहे, ॲपलवाले तिला बॉंझूर म्हणतात, लिनक्सवर अवाही. फेब्रुवारी २०१३ च्या आरएफसी ६७६२ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले कागद) .लोकल हे नाव त्या पद्धतीसाठी राखून ठेवलंय.

फरक असा. नेहमीच्या डीएनएसमध्ये तुमचा पीसी ठरलेल्या सर्व्हरला विचारतो की अमक्याचा पत्ता काय. मल्टिकास्टमध्ये सर्व्हर नसतोच. गल्लीत उभं राहून "बंड्याऽऽ" म्हणून हाक मारायची, ज्याचं नाव बंड्या तो ओ देतो. ही हाक २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, पोर्ट ५३५३ वर जाते आणि राऊटरच्या पलीकडं जात नाही. म्हणजे शिरोलीतली हाक गोकुळ शिरगावात ऐकू येणार नाही.

तुम्ही विंडोज सर्व्हरवर अमुक.लोकल केलं की एकाच नावावर दोन पद्धती भांडायला लागतात. विंडोजवर बहुतेक वेळा जाणवत नाही. मॅक आणि लिनक्स मात्र आधी हाक मारतात, वाट बघतात आणि मग कधी सर्व्हरला विचारतात, कधी विचारतच नाहीत.

नेटवर्कवाले_बापू
मी व्हेंडर आहे. (या धाग्यातला नव्हे, दुसरा!) दवाखाने, पतसंस्था, उद्यमनगरातली मशीन शॉप, कैक ठिकाणी .लोकल टाकलंय. कुठंही काही बिघडलं नाही. लोकांनी हे आकाशातून आणलं नाही. मायक्रोसॉफ्टचा स्मॉल बिझनेस सर्व्हर यायचा, तो स्वतःच .लोकल सुचवायचा. आम्ही नेक्स्ट नेक्स्ट फिनिश केलं. त्या वेळी शहाणपण तेच होतं.

शिरोलीकर, तुमच्याकडं मॅक किती? शून्य ना? मग कशाला घाबरता?

कळंबा_लाईन
बापू, तुमचा आदर राखून सांगते. मॅक शून्यच असतात, मालकाचा मुलगा शिकून येईपर्यंत. आमच्याकडं तो मॅकबुक घेऊन आला आणि पहिल्याच आठवड्यात "तुमचं नेटवर्क स्लो आहे" असं मीटिंगमध्ये म्हणाला. बाकी सगळं पळत होतं. फक्त .लोकल नाव आलं की त्याचा लॅपटॉप दर वेळी चार-पाच सेकंद थांबायचा. प्रत्येक फोल्डरला. आमच्या व्हेंडरनं स्विच बदलायचं कोटेशन दिलं. स्विच बदललाही!

पेठेतला_गोलकीपर
स्विचचं बिल पास झालं का? तेवढं सांगा, बाकी धागा झोपला तरी चालतंय.

कळंबा_लाईन
झालं. जीएसटीसकट.

सीएनसी_सम्राट
आमच्या शॉपमध्ये .लॅन आहे. राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकलंय, त्यात ते आपोआपच येतं. व्हीएमसीला प्रोग्रॅम पाठवणारा पीसी 'डीएनसी.लॅन', कॅमेऱ्याचा डीव्हीआर 'कॅमेरा.लॅन'. पोरांना पाठ आहे. छोट्या शॉपला यापलीकडं काय पाहिजे? उगाच हत्तीवरनं शेळ्या राखायचं काम.

बंगळूरात_कोल्हापुरी
सम्राट, चाललंय तोवर चाललंय. .लॅन आज इंटरनेटवर कुणाला दिलेलं नाही, पण देणार नाही असं लिहूनही कुणी दिलेलं नाही. राखीव नसलेलं नाव वापरलं की काय होतं त्याचे दोन किस्से सांगतो, दोन्ही जगजाहीर आहेत.

पहिला .डेव्ह चा. वेब डेव्हलपर मंडळी स्वतःच्या मशीनवर कायकाय.डेव्ह अशी नावं बिनधास्त वापरायची. नंतर ते टॉप लेव्हल डोमेन (.कॉम, .इन सारखं नावाचं शेवटचं टोक) गूगलनं रीतसर घेतलं आणि डिसेंबर २०१७ मध्ये क्रोम ६३ आलं, त्यानं प्रत्येक .डेव्ह ला एचटीटीपीएस, म्हणजे साईटनं ओळखीचं सर्टिफिकेट दाखवून केलेलं सुरक्षित कनेक्शन, सक्तीचं केलं. आतल्या साईटला सर्टिफिकेट कुठलं असायला? जगभर लोकांनी रातोरात नावं बदलली, बरेच जण .टेस्ट वर गेले. .टेस्ट मात्र १९९९ च्या आरएफसी २६०६ पासून राखीव आहे, ते कुणालाच विकलं जाणार नाही.

दुसरा किस्सा कॉर्प.कॉम चा, हा जास्त भारी आहे. विंडोज २००० च्या काळात ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या उदाहरणांत 'कॉर्प' हे नाव असायचं, आणि असंख्य कंपन्यांनी तेच जसंच्या तसं ठेवलं. अमेरिकेत एका माणसानं कॉर्प.कॉम हे डोमेन १९९४ मध्येच घेऊन ठेवलेलं. कंपनीचा लॅपटॉप ऑफिसबाहेर गेला की आतल्या 'कॉर्प' ला शोधत शोधत थेट त्याच्या दारात. २०१९ मध्ये एका संशोधकानं तिथं काय येतंय ते तपासलं, तर ३,७५,००० च्या वर विंडोज पीसी कुठल्या कुठल्या कंपन्यांची माहिती त्या दारात टाकायला बघत होते. शेवटी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते डोमेन विकत घेतलं. मालकानं मागितलेली सुरुवातीची किंमत होती १७ लाख डॉलर.

गुजरी_कॉर्नर
१९९४ ला आम्ही गुजरीत दुकान घेतलं, लोक म्हणाले भाव खाल्ला. चुकलंच. डोमेन घ्यायला पाहिजे होतं.

पेठेतला_गोलकीपर
@बंगळूरात_कोल्हापुरी: .कॉर्प हेच टॉप लेव्हल म्हणून कुणी घेतलं असतं तर?

बंगळूरात_कोल्हापुरी
अर्ज आले होते की. .कॉर्प, .होम आणि .मेल. जगभरच्या आतल्या नेटवर्कांतून इतके चुकार प्रश्न रूट सर्व्हरपर्यंत (डीएनएसच्या सगळ्यात वरच्या सर्व्हरपर्यंत) येत होते की आयकॅननं (टॉप लेव्हल नावं वाटणारी संस्था) २०१८ मध्ये ठराव करून तिन्ही बाजूला ठेवली. बाकी नवीन नावं देताना त्यांनी एक डोकं लढवलं. सुरुवातीचे काही दिवस त्या डोमेनमधल्या नावांना उत्तर म्हणून १२७.०.५३.५३ द्यायचं. ५३ म्हणजे डीएनएसचा पोर्ट. तुमच्या लॉगमध्ये हा विचित्र आकडा दिसला की समजायचं, आपल्या आतल्या नावावर बाहेर कुणीतरी आलंय.

राजारामपुरी_बारावी_गल्ली
मग आता सरळ .इंटर्नल वापरा की. २९ जुलै २०२४ ला आयकॅनच्या बोर्डानं ठराव केलाय की हे नाव इंटरनेटवर कधीच कुणाला द्यायचं नाही, खाजगी वापरासाठी कायमचं बाजूला. आतल्या आयपीचं आपलं १९२.१६८ जसं कुणाच्या बापाचं नाही, तसं हे. फक्त नुसतं 'सर्व्हर.इंटर्नल' करू नका. उद्या दुसऱ्या कंपनीशी भागीदारी झाली आणि तिथंही तेच असलं की राडा. मध्ये कंपनीचं नाव घाला, टॅली.अमुक.इंटर्नल असं.

घरगुती नेटवर्कसाठी होम.आर्पा आहे, २०१८ च्या आरएफसी ८३७५ मध्ये दिलेलं. आमच्या घरी तेच आहे. बायको म्हणते, हे कुठल्या कंपनीचं नाव आणलंय घरात.

सीएनसी_सम्राट
वहिनींचं बरोबर आहे.

रंकाळ्याचा_वारा
.इंटर्नल वाईट नाही, पण माझं मत वेगळं. तुमच्याकडं अमुक.इन विकत घेतलेलं आहे ना? मग त्याचाच एक फाटा काढा. एडी.अमुक.इन किंवा आत.अमुक.इन. हे नाव जगात तुमच्याशिवाय कुणाचं होऊच शकत नाही. कुणाशी भागीदारी करा, युनिट विका, नवीन युनिट घ्या, टक्कर नाही.

मोठा फायदा सर्टिफिकेटचा. पूर्वी पैसे भरले की सर्व्हर.लोकल असल्या नावांनाही सर्टिफिकेट मिळायचं. ते १ नोव्हेंबर २०१५ पासून बंद झालं आणि उरलीसुरली ऑक्टोबर २०१६ पर्यंत रद्द केली. .इंटर्नल ला तर कुणीच देणार नाही, कारण ते नाव तुमचं आहे हे सिद्ध कसं करणार? मग स्वतःची सर्टिफिकेट ऑथॉरिटी काढायची आणि तिचं रूट प्रत्येक पीसीत, प्रत्येक फोनमध्ये घालत बसायचं. स्वतःच्या डोमेनचा फाटा असला तर लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था सर्टिफिकेट फुकट देते. डोमेन तुमचं आहे हे दाखवायला बाहेरच्या डीएनएसमध्ये एक टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची नोंद) टाकायचा, बस. आतला सर्व्हर इंटरनेटला उघडावा लागत नाही.

एक पथ्य. दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची जाहीर नोंद होते आणि ती कुणालाही वाचता येते. पगार.आत.अमुक.इन असं सर्टिफिकेट काढलं की पगाराचा सर्व्हर आहे हे जगाला कळलं. म्हणून *.आत.अमुक.इन असं वाइल्डकार्ड काढा, म्हणजे फाट्यातल्या सगळ्या नावांना एकच सर्टिफिकेट.

नेटवर्कवाले_बापू
आणि काही शहाणे फाटा न काढता थेट अमुक.इन हेच आत टाकतात. मग ऑफिसातनं कंपनीची वेबसाईटच उघडत नाही, कारण आतला डोमेन कंट्रोलर (एडी चालवणारा सर्व्हर) म्हणतो, "अमुक.इन म्हणजे मीच." असली केस मी निस्तरलीय. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू चा रेकॉर्ड आत हातानं टाकला तर ते उघडतं, पण नुसतं अमुक.इन टाकलं की परत सर्व्हरच्याच दारात. तेव्हा फाटा काढायचा तर काढा, मुळाला हात लावू नका. एवढं मी वाऱ्याशी सहमत.

दुसरा_शाहूपुरी
सगळे "तुमचं डोमेन, तुमचं डोमेन" म्हणताय म्हणून बोलतो. ते खरंच तुमचं आहे का?

आमची कंपनी, स्पेअर पार्टची. वेबसाईट एका पोरानं करून दिली होती. डोमेन त्यानंच घेतलं, स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर. आम्ही दरवर्षी रोख पैसे द्यायचो, तो पावतीवर 'वेबसाईट चार्जेस' लिहायचा. पोरगं चांगलं होतं, वाईट म्हणवत नाही. पुढं त्याला दुबईत नोकरी लागली, भारतातला नंबर बंद. रिन्युअलची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिली. डोमेन संपलं, मुदत गेली आणि दुसऱ्यानं उचललं. आता तिथं कसल्यातरी जुगाराची जाहिरात दिसते. आमच्या व्हिजिटिंग कार्डावर अजून तेच छापलंय, पेटीभर शिल्लक आहेत.

आमचं फक्त वेबसाईट आणि ईमेलवर निभावलं. पण समजा आतलं सगळं नेटवर्क त्या नावाच्या फाट्यावर असतं तर? बाहेर गेलेला प्रत्येक लॅपटॉप त्या जुगारवाल्याला विचारत बसला असता, "माझा सर्व्हर कुठं आहे?" आणि आता डोमेन त्याचं असल्यामुळं सर्टिफिकेटही त्यालाच मिळणार. कॉर्प.कॉम चाच किस्सा, फक्त शाहूपुरी आवृत्ती.

म्हणून मी .इंटर्नल च्या बाजूनं. त्याचं रिन्युअल नाही, ते विसरता येत नाही, ते घेऊन कुणी दुबईला जात नाही.

राजारामपुरी_बारावी_गल्ली
+१. हेच म्हणायचं होतं, एवढं नीट जमलं नसतं.

कळंबा_लाईन
मुद्दा बिनतोड आहे, पण उपाय उलटा वाटतो. डोमेन हातात नसेल तर ते हातात घ्यायला पाहिजे, ईमेल तर त्याच्यावरच चालतंय ना. शिरोलीकर, आजच बघा. रजिस्ट्रारच्या (डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या) खात्याचं लॉगिन कुणाकडं आहे? खात्यात ईमेल कुणाचा आहे? एक्स्पायरी कधी आहे? दुसऱ्याच्या खात्यात असेल तर ऑथ कोड (डोमेन हलवायचा गुप्त आकडा) मागून घ्या आणि कंपनीच्या खात्यात ट्रान्सफर करा. ईमेल कुणा एकाचा देऊ नका आणि त्याच डोमेनवरचाही देऊ नका, नाहीतर डोमेन बंद पडलं की ते सोडवायचा ईमेलही बंद. पाच वर्षांचे पैसे एकदम भरा. मालक 'एवढे कशाला' म्हणाले तर त्यांना दुसऱ्या शाहूपुरींचं कार्ड दाखवा.

दुसरा_शाहूपुरी
कार्डं पाहिजे तेवढी देतो.

पेठेतला_गोलकीपर
आता मला एक शंका. नाव मराठीत का नको? फाउंड्री.भारत असं करा की. जगात भारी!

बंगळूरात_कोल्हापुरी
.भारत खरंच आहे, २०१४ पासून देवनागरीत डोमेन मिळतात. पण ते खरं टॉप लेव्हल डोमेन आहे, म्हणजे आत वापरायचं तरी रीतसर विकत घेऊनच. पडद्यामागं डीएनएसला देवनागरी कळत नाही, प्रत्येक नावाचं रोमन अक्षरांत रूपांतर होतं आणि ते 'एक्सएन' आणि दोन डॅशनं सुरू होतं. ब्राउझर ते झाकतो. पण स्पेक्ट्रोचं सॉफ्टवेअर, जुना प्रिंटर, डीएनसीचा पीसी हे झाकणार नाहीत. एररमध्ये ती अक्षरं वाचून ऑपरेटर तुम्हालाच शिव्या देणार, त्या मात्र शुद्ध मराठीत.

सीएनसी_सम्राट
डोमेन राहू दे, मशीनला नावं काय देता ते सांगा. आमच्याकडं आधी सगळे किल्ले होते. पन्हाळा, विशाळगड, रांगणा, भुदरगड. मस्त वाटायचं. एके रात्री यूपीएस गेला आणि सुपरवायझरनं ग्रुपवर टाकलं, "पन्हाळा पडला. रांगणा पण गेला. फक्त विशाळगड उभा आहे." मालकांच्या वडिलांनी पहाटे वाचलं आणि सगळ्यांना फोन लावले.

गुजरी_कॉर्नर
😂😂 वाचनखूण साठवली.

पेठेतला_गोलकीपर
आमच्याकडं तालमींची नावं होती. दोन सर्व्हर एकमेकांशी बोलायचेच नाहीत.

रंकाळ्याचा_वारा
विनोद बाजूला ठेवून एक कामाचं. मशीनचं नाव आणि कामाचं नाव वेगळं ठेवा. मशीन पन्हाळा असो नाहीतर एसआरव्ही-०१, लोकांना 'टॅली' हेच नाव द्यायचं आणि डीएनएसमध्ये सीनेम रेकॉर्डनं (टोपणनावाच्या नोंदीनं) ते त्या मशीनकडं वळवायचं. सर्व्हर बदलला की रेकॉर्ड बदला, कुणाच्या पीसीला हात लावायला नको. भिंतीवरचा कागद त्यामुळंच जातो, डोमेन काय आहे त्यामुळं नाही. आणि नावात अंडरस्कोर नको, डॅश चालतो.

उदगावचा_भाचा
दोन दिवस नुसता वाचतोय, आता लिहितो. कुणी पुराचा विचार केला का? ऑगस्ट २०१९ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता. आमच्या ओळखीच्या एका युनिटात पाणी शिरलं नव्हतं, जनरेटर चालू होता, पण बाहेरची इंटरनेटची लाईन मेली होती. त्यांच्या आयटीवाल्यानं 'सोपं पडतं' म्हणून आतल्या सर्व्हरांचे रेकॉर्ड बाहेरच्या डीएनएसमध्येच टाकले होते, नावापुढं सरळ १९२.१६८ चा आयपी. लाईन गेली तशी सगळी नावं गेली. सर्व्हर शेजारच्या खोलीत गुणगुणतोय आणि पीसी म्हणतोय सर्व्हर सापडत नाही. शेवटी ज्याला आकडे पाठ होते त्या स्टोअरकीपरनं दिवस काढले.

तेव्हा फाटा अमुक.इन चा काढा नाहीतर .इंटर्नल करा, आतल्या नावांची उत्तरं आतल्याच डीएनएस सर्व्हरनं द्यायला पाहिजेत. दोन युनिट आहेत तर दोन्हीकडं एकेक ठेवा.

रंकाळ्याचा_वारा
अगदी. शिवाय बाहेरच्या डीएनएसमधून खाजगी आयपीचं उत्तर आलं तर बरेच राऊटर ते हल्ला समजून टाकून देतात. तसंच ब्राउझरमधलं 'सिक्युअर डीएनएस' आणि फोनमधलं 'प्रायव्हेट डीएनएस' तपासा. ते चालू असलं की प्रश्न तुमच्या सर्व्हरला न विचारता परस्पर बाहेर जातो आणि आतलं नाव सापडत नाही. "माझ्या मोबाईलवर उघडत नाही" या तक्रारीत निम्म्या वेळा हेच निघतं.

शिरोलीकर
मंडळी, काल दिवसभर डोमेनच्याच मागं होतो. शाहूपुरीकर, तुमचा पाय कुठं आहे? अमुक.इन आमच्या कॅटलॉग छापणाऱ्याच्या खात्यात निघालं! त्यानंच कधीतरी वेबसाईट 'कॅटलॉगवर फ्री' दिली होती. माणूस गावातच आहे, देतो म्हणालाय, पण लॉगिन त्याच्या भावाकडं आणि भाऊ लग्नाला बेळगावला. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आपलं नाव आपल्या नावावर नाही?" आता तेच त्याच्या मागं लागलेत.

तोपर्यंत शनिवारी व्हेंडरला काय सांगू? .इंटर्नल टाकून नंतर बदलू का?

नेटवर्कवाले_बापू
नाही! तुमचा पहिला प्रश्न होता, नंतर बदलता येतं का. कागदावर येतं, मायक्रोसॉफ्टचं रेनडॉम म्हणून टूल आहे. प्रत्यक्षात प्रत्येक पीसी दोनदा रीस्टार्ट, शेअर तुटलेले, प्रिंटर हरवलेले, आणि आत एक्स्चेंज असेल तर रिनेमला सपोर्टच नाही. म्हणून मी जुन्या गिऱ्हाइकांच्या .लोकल ला हात लावत नाही आणि लावायला सांगणारही नाही. पण नवीन टाकताना एकदाच आणि कायमचं टाका. भाऊ बेळगावहून येऊ दे.

बरं, एक विचारू? दोन्ही युनिटला आयपी काय आहेत?

शिरोलीकर
शिरोलीला १९२.१६८.१ पासून. गोकुळ शिरगावला... तिथंही १९२.१६८.१ च असणार, राऊटर त्याच कंपनीचा आहे.

नेटवर्कवाले_बापू
मर्दा, मग नावाचं काय घेऊन बसलास! दोन्हीकडं एकच आकडे असले तर व्हीपीएन जोडून पॅकेट जाणार कुठं? शिरोलीचा पीसी १९२.१६८.१.२० म्हणाला की तो स्वतःच्याच युनिटातलं एनएएस शोधणार. शनिवारी हेच काम करा. शिरोली १०.१०, गोकुळ शिरगाव १०.२० असं काहीतरी करा. १९२.१६८.० आणि १ दोन्ही सोडा, लोकांच्या घरचे राऊटर तिथंच असतात, उद्या कुणी घरातनं व्हीपीएन लावला की परत तोच घोळ.

शिरोलीकर
बापू, व्हेंडर हे बोललाच नव्हता. ठरलं मग. शनिवारी दोन्हीकडचे आयपी. डोमेन कंपनीच्या खात्यात आलं की पुढच्या सुट्टीला एडी.अमुक.इन, दोन्ही युनिटला एकेक डीएनएस. स्पेक्ट्रोच्या पीसीवर विंडोज ७ आहे आणि मशीनवाला त्याला हात लावू देत नाही. त्याचं काय?

कळंबा_लाईन
त्याला डोमेनमध्ये घेऊच नका. वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच वायरींवरच्या वेगळ्या कप्प्यात) ठेवा, इंटरनेट तोडा, फक्त रिपोर्टच्या फोल्डरपुरती वाट द्या. डीएनएसमध्ये त्याचं नाव मात्र टाका म्हणजे लॅबवाल्यांना आकडा पाठ करायला नको. आयपी बदलायच्या आधी त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना आयपी कुठं हातानं भरलाय का तेवढं बघा. बहुतेक असतो.

आणि एडी टाकताना एका स्क्रीनवर नेटबायोस नाव (डोमेनचं जुन्या पद्धतीचं छोटं नाव) विचारतील. एडी.अमुक.इन दिलं की तिथं आपोआप नुसतं 'एडी' येतं आणि मग लॉगिनच्या वेळी सगळ्यांना 'एडी' आणि बॅकस्लॅश दिसत राहतं. ते खोडून कंपनीचं नाव घाला. १५ अक्षरांची मर्यादा आहे.

शिरोलीकर
कंपनीच्या नावात 'ॲण्ड सन्स इंजिनिअरिंग वर्क्स' आहे.

नेटवर्कवाले_बापू
सन्स काढा. आणि स्पेस नको.